आईचे मृत्युपत्र

आमच्या नागपुरात वडिलांच्या मृत्युपत्राचा विषय आता पूर्वीइतका अशुभ मानला जात नाही. रेल्वेतून, वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून), महालेखाकार कार्यालयातून किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेली, प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरच्या बाजूला प्लॉट घेऊन त्यावर जमेल तसे घर बांधलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. या घरांतले वडील कधीतरी वकिलाकडे जातात, दोन मित्रांना साक्षीला नेतात आणि मिळकतीची लेखी व्यवस्था करून येतात. ‘बाबांनी सगळे लिहून ठेवले आहे,’ असे मुले पुढे समाधानाने सांगतात. आईने काय लिहून ठेवले आहे, हे मात्र त्या घरात कोणी विचारत नाही. आईला विचारले तर तिचे उत्तर ठरलेले असते : ‘माझ्या नावावर आहे तरी काय?’ मी बँकेत नोकरी केली आणि त्यातला बराच काळ मृत खातेदारांच्या वारसांचे दावे माझ्याच टेबलावर येत होते. तिथे जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, घरात एकच मृत्युपत्र होणार असेल, तर ते आधी आईचे व्हावे.

आईच्या नावावर काही नसते, ही समजूत एका पिढीपूर्वी बरीचशी खरी होती. आज ती खरी राहिलेली नाही. महाराष्ट्रात 2021 पासून घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, त्यामुळे बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोडच्या बाजूला झालेल्या नव्या इमारतींतले कितीतरी फ्लॅट पत्नीच्या नावावर आहेत. हप्ते दोघे मिळून भरतात, पण खरेदीखतावर नाव तिचे एकटीचे असते. 9 सप्टेंबर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांच्या सातबाऱ्यावर लग्न होऊन नागपुरात आलेल्या मुलींची नावे आता चढू लागली आहेत. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतनातून मागे टाकलेल्या ठेवी असतात, पोस्टातली बचत असते आणि दागिने असतात.

दागिन्यांची एक आठवण सांगते. एका बाईंच्या मृत्यूनंतर आम्ही साक्षीदारांसमोर त्यांचा लॉकर उघडला आणि आतल्या वस्तूंची यादी करू लागलो. प्रत्येक दागिना स्वतंत्र डबीत, डबीवर दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्याखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी : ‘पाटल्या – थोरलीच्या मुलीला’, ‘ठुशी – धाकट्या सुनेला, तिने माझे दुखणे काढले’, ‘गोठ मोडून दोन्ही नातवांच्या शिक्षणाला’. अक्षर सुवाच्य होते, वाटणी विचारपूर्वक केलेली होती, पण एकाही चिठ्ठीवर सही नव्हती आणि साक्षीदारांचा तर प्रश्नच नव्हता. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या चिठ्ठ्या मृत्युपत्र ठरू शकत नव्हत्या. धाकटी सून कायद्याच्या दृष्टीने वारस नव्हती, त्यामुळे तिची ठुशी मुलांच्या समान वाटणीत गेली. त्या बाईंना काय हवे होते, हे खोलीतल्या प्रत्येकाने वाचले होते. एका कागदावर हीच यादी लिहून शेजारच्या दोघांसमोर सही केली असती, तर ती पाळणे सर्वांना भाग पडले असते.

या बाईंना निदान मुलेबाळे होती. ज्या बाईला मूल नाही, तिच्याबाबत कायद्याची वाट अगदीच वेगळी आहे, आणि ही वाट आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही फार कमी जणांना ठाऊक आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि त्यांना समान हिस्सा मिळतो. स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 15 लागते : आधी मुले आणि पती, ते नसतील तर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. म्हणजे मुलाच्या मिळकतीत आईला पहिल्या रांगेत जागा आहे, पण लेकीच्या कमाईत त्याच आईचा क्रमांक जावयाच्या भावा-पुतण्यांच्या मागे लागतो. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत मूल नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जाते, एवढा अपवाद कायद्याने ठेवला आहे. पण तिने नोकरी करून स्वतः मिळवलेल्या पैशाला तो लागू होत नाही.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण वाचून मी फार अस्वस्थ झाले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या एका स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढले होते. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली आणि बँकेत, भविष्य निर्वाह निधीत चांगली रक्कम साठवून मृत्युपत्र न करता वारली. न्यायालयाने सहानुभूती आणि कायदा यांतला फरक सांगून ती सगळी रक्कम पतीकडच्या वारसांना दिली. कलमाचे शब्द स्पष्ट असल्याने दुसरा निकाल लागणे कठीणच होते. याच कलमाशी संबंधित दुसऱ्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच देशातल्या महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. सर्वोच्च न्यायालयावर असे आवाहन करण्याची वेळ यावी, यातच या विषयाची निकड दिसते.

इथे ‘हिंदू’ या शब्दात कायद्याने बौद्ध, जैन आणि शीख यांनाही धरले आहे, हे नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवायला हवे. हिंदू कोड बिल रखडल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलातला वारसाहक्काचा भाग बऱ्याच फेरबदलांनंतर 17 जून 1956 रोजी कायदा झाला, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 14 ऑक्टोबरला, त्यांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर दरवर्षी येणाऱ्या लाखो स्त्रियांना मालमत्तेची पूर्ण मालकी देणारा आणि त्याच वेळी त्यांच्या पश्चात सासरला माहेरच्या आधी बसवणारा कायदा हाच आहे. मुस्लीम स्त्रीसाठी नियम निराळे आहेत. तिला साधारणपणे मिळकतीच्या एक तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र करता येते, त्याहून अधिक द्यायचे असेल तर वारसांची संमती लागते.

आता वडिलांच्या मृत्युपत्राकडे वळते, कारण आईचे पुष्कळ नुकसान तिथेच झालेले असते. ‘माझ्या पश्चात माझ्या पत्नीने हयातभर घराचा उपभोग घ्यावा व तिच्यानंतर घर दोन्ही मुलांना समान मिळावे,’ हे वाक्य मी इतक्या मृत्युपत्रांत वाचले आहे की, ते कोणत्या तरी एकाच जुन्या मसुद्यातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले असावे. लिहिणाऱ्याच्या मनात पत्नीची काळजीच असते. पण या वाक्याने तिला बहुतेक वेळा मालकी मिळत नाही, फक्त राहण्याचा हक्क मिळतो. तिला ते घर विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही आणि मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 च्या पहिल्या पोटकलमाने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, दुसऱ्याने मृत्युपत्रातल्या किंवा बक्षीसपत्रातल्या मर्यादा कायम ठेवल्या, आणि या दोहोंतली सीमा नेमकी कुठे, यावर न्यायालयांत अनेक दशके वाद चालले आहेत. ज्या वडिलांना खरोखरच पत्नीला निर्धास्त करायचे आहे, त्यांनी घर किंवा निदान घराचा अर्धा हिस्सा तिला ‘पूर्ण मालकी हक्काने’ द्यावा आणि तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. ती ते मुलांनाच देईल, बहुतेक आया तेच करतात. पण देणारी ती असेल.

वडिलांनी काहीच लिहिले नसेल तर आणखी एक गोष्ट घडते. तेरवी आटोपते, पाहुणे जायला निघतात, आणि ‘सगळे जमलेच आहेत तर सह्या करून टाकू’ म्हणून हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडावा, हे आपल्याकडे रीत म्हणून गृहीतच धरले जाते, आणि त्यावर आता थोडेफार बोललेही जाते. त्याच कागदावर आईचीही सही घेतली जाते, यावर मात्र कोणी बोलत नाही. दोन आठवड्यांपूर्वी वैधव्य आलेली बाई चष्मा शोधत बसते, मोठा मुलगा बोट ठेवून ‘इथे कर’ म्हणतो आणि ती सही करते. त्या एका सहीने तिचा पतीच्या घरातला मुलांइतकाच असलेला हिस्सा जातो आणि ती आपल्याच घरात मुलांच्या मर्जीवर राहू लागते. मुलगे वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. पण सुतकाच्या दिवसांत कोणत्याही मालमत्तेच्या कागदावर कोणाचीच सही घेऊ नये, हा नियम आपण आपल्या घरापुरता तरी करावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

हीच गोष्ट बक्षीसपत्राची. ‘मृत्युपत्राने पुढे भानगडी होतात, आत्ताच बक्षीसपत्र करून दे,’ असा सल्ला आईला फार सहज दिला जातो. बक्षीसपत्र नोंदवले की मालकी आईच्या हयातीतच जाते, तर मृत्युपत्र तिच्या मृत्यूनंतर अमलात येते आणि तोपर्यंत तिला ते हव्या तितक्या वेळा बदलता येते. तरीही बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ‘माझा सांभाळ व मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर’ असा स्पष्ट उल्लेख त्यात असावा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार ती अट मोडली तर असे हस्तांतरण रद्द करून घेता येते. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी याच आधारावर रद्द ठरवले. पण त्यासाठी त्या माउलीला न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरू नये.

नामनिर्देशनाबद्दल थोडक्यात सांगते. खात्याला नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, हा गैरसमज बँकेत रोज भेटत असे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो आणि ती कायदेशीर वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांसाठी सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 14 डिसेंबर 2023 च्या निकालाने पक्के झाले. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ती सोय चांगली आहे, पण ती मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. बायकांच्या खात्यांत मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे लग्नाआधी उघडलेल्या खात्याला कधीच वारलेल्या वडिलांचे नाव तसेच राहिलेले असे.

हे सगळे माझ्या मनात होते, म्हणून आईच्या एका मैत्रिणीने, ज्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणते, मृत्युपत्राचा विषय काढला, तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. मावशी लक्ष्मीनगरात राहतात, शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. घर त्यांनी स्वतःच्या पगारातून आणि भविष्य निर्वाह निधीतून बांधलेले. त्यांनी काही लिहिले नसते, तर ते घर अमरावतीच्या पुतण्यांकडे गेले असते, जे दिवाळीला फोन करतात. दुखण्या-खुपण्याला धावून येते ती बहिणीची मुलगी. तिला या घरावर काही हक्कच पोहोचला नसता. हे मी सांगितले तेव्हा मावशी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, पण घर तर मी बांधलं आहे.”

जेवणाच्या टेबलावर आम्ही कागद मांडले. खरेदीखतात प्लॉटची चतुःसीमा दिलेली होती : पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांचा प्लॉट. ते अमुक कधीच वारले आणि तिथे आता चार मजली अपार्टमेंट उभे आहे. म्हणून नुसत्या सीमांवर विसंबून न राहता मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि आखीव पत्रिकेवरचे क्षेत्रफळ असे सगळे उतरवले, आणि नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यासचे) नियमितीकरण पत्र, ज्याला इथे सगळे आर.एल. म्हणतात, त्याचा क्रमांकही घातला. मृत्युपत्र खरे असूनही मिळकतीचे वर्णन ढिसाळ असल्याने नाव चढवताना अडलेली माणसे मी पाहिली आहेत. मग ठेवी आल्या. त्यातली एक, अगदी लहान नसलेली, त्यांनी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या मुलीच्या नावे सांगितली. सासूबाईंचा गोफ मात्र पुतण्याच्या मुलीला. “तो त्या घरचा आहे, त्या घरी गेला पाहिजे,” एवढेच म्हणाल्या, आणि मला त्यांच्या न्यायबुद्धीचा फार आदर वाटला.

मसुदा आम्ही मराठीतच केला. मराठीत सही करणाऱ्या बाईचे मृत्युपत्र वकिली इंग्रजीत लिहिलेले असले की, तिला त्यातले काय कळले होते, ही शंका घ्यायला विरोधकाला जागा मिळते. पुतण्यांना घर का दिले नाही, याचे कारण दोन ओळींत, कोणालाही न दुखावता लिहिले. साक्षीदार असे निवडले की, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही आणि जे मावशींपेक्षा वयाने पुष्कळ लहान आहेत. कारण मृत्युपत्र न्यायालयात शाबीत करायची वेळ आली तर निदान एका साक्षीदाराने येऊन सांगावे लागते आणि समवयस्क मित्र तोपर्यंत असतीलच असे नाही. एक साक्षीदार त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई झाल्या. मावशी पूर्ण शुद्धीत व समजून सही करत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) म्हणून शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याला त्यांनी आधी विचारून नेमले.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही, आणि मुंबईसारखी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नागपुरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला कधीच नव्हती. तरी मी नोंदणीचा आग्रह धरला. दुय्यम निबंधकांसमोर करणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, आणि पुढे सही खोटी असल्याचे म्हणणे त्यामुळे अवघड होते. त्या दिवशी भाचीला आम्ही मुद्दाम घरी थांबायला सांगितले. ज्याला लाभ होणार आहे त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 पासून सांगितले आहे. भाची किंचित नाराज झाली. तिला हे समजावून सांगितल्यावर तिने दुपारच्या जेवणाची तयारी आपल्याकडे घेतली.

स्वयंपाकाच्या बाईंच्या मुलीने नंतर नर्सिंगला प्रवेश घेतला. मावशींनी तिच्या शुल्काला ती ठेव मोडली आणि मला फोन करून विचारले की, आता मृत्युपत्रातल्या त्या ओळीचे काय करायचे. मोडलेल्या ठेवीचा क्रमांक तसाच राहिला, तर तेवढी तरतूद निष्फळ ठरते, म्हणून आम्ही पुरवणी मृत्युपत्र केले. त्यालाही सही आणि दोन साक्षीदार मूळ मृत्युपत्राप्रमाणेच लागतात. आधीचे एक साक्षीदार बदली होऊन पुण्याला गेले होते, त्यांच्या जागी शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना बोलावले. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावले आणि विचारले की, त्यांचा फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर आहे, तर त्यांनी यायचे कोणत्या दिवशी. ‘येत्या रविवारी या,’ मी म्हणाले. ‘येताना खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) घेऊन या.’